मेलानिप्पस, आणखी एक

नोंदीमागे पंचवीस रुपये.
कोशाचे संपादक पुण्याहून लिहितात: आटोपशीर असू द्या.
म्हणून मेलानिप्पसला, अर्थ काळा घोडा,
कंसात आकडे घालत बसलोय
केप्यात, कुशावतीकडची खिडकी उघडी टाकून.

(१) थीब्जच्या वेशीवर लढलेला.
याने ज्याला मरणाची जखम केली, त्याने मरता मरता
याचंच डोकं मागवून घेतलं, फोडलं, मेंदू खाल्ला.
देवी निघाली होती म्हणे त्या वीराला अमर करायला.
ते पाहिलं आणि तशीच मागे फिरली.
(हे गाळता आलं असतं. गाळलं नाही.)

(२), (३), (४) ट्रॉयकडचे.
एकच युद्ध, एकच बाजू, आणि हे नाव तीनदा मरतं.
एकदा बाणाने, आठ जणांच्या यादीत शेवटी.
एकदा भाल्याने, छातीत. हा पर्कोटीला गुरं राखायचा,
शत्रू लांब होता तोवर.
गलबतं दिसली तसा गावी परतला.
आणि एकदा नुसताच. नावाआधी पाच नावं, नंतर तीन.

(५) एका कवीचा मित्र.
कवीने त्याला कळवलं, ढाल तिकडेच राहिली, मी वाचलो.
मित्राने काय उत्तर धाडलं ते कोणी जपलं नाही.

दिवसा मी मामलेदार कचेरीत असतो.
सोमवारी खिडकीपाशी सगुण बाबलो वेळीप,
वय सत्तर, पायात चप्पल नाही, पिशवीत कागद.
चार महिने पेन्शन नाही.
संगणक म्हणतो: मयत.
"मेल्लो तो कावऱ्याचो," तो म्हणाला. "हांव मोरपिर्ल्याचो.
ताका खांद दिला हांवें."

बापाचं नाव विचारून भागत नाही इथे.
आजोबा नातवात परत येतो, नावासकट,
सगुणचा बाबलो, बाबलोचा सगुण,
डोंगरापलीकडे तीच माळ, तेच मणी.
"आनीक एक आसा बार्सेंचो," तो पुढे वाकला,
"ताका म्हयन्याक दोन पेन्शनी येतात.
गरीब आसा. सांगूं नाकात."

मी म्हटलं, पुरावा लागेल.
त्याने अंगठा दाखवला. झिजून गुळगुळीत,
यंत्र तीनदा नाही म्हणालं.
मग कानाची फाटलेली पाळी दाखवली.
पाळीचा रकाना नाही अर्जात.
घरी काय म्हणून हाक मारतात, मी उगाच विचारलं.
तो हसला. बायकोने नाव कधी घेतलं नाही,
पोरं घेत नाहीत,
आई घ्यायची, ती गेली तेव्हा हा लहान होता.
नाव फक्त इथे लागतं, या खिडकीवर,
आणि तेही दुसऱ्याच्या नावे खपलेलं.

मी लिहून दिलं:
सदर इसम आज माझ्यासमोर जिवंत उभा होता.
साहेबांनी "उभा" वर लाल शाईने रेघ मारली.
अर्ज मडगावला गेला. पुढे पणजी.

रात्री पुन्हा कागद ओढले.
(३) समोर पर्कोटी लिहायचं होतं, लिहिलं मोरपिर्ला.
हात थांबला, खोडायला शाई मात्र लावली नाही.
पर्कोटीची गुरं कोणी वळली नंतर,
हा युद्धावर आला त्या संध्याकाळी,
की ती आपली आपण घरी गेली,
दारात थांबून वाट बघत राहिली,
हेही कुठल्या टिपेत सापडेना.

बुधवारी पुण्याहून पोस्टकार्ड.
(४) बद्दल सांगण्यासारखं नसेल तर वगळा.
नाही वगळला.
तशीही सगळी मिळून एकच नोंद धरतात,
त्यात कितीही जण मेले तरी
पंचवीसच.